हात अडलेला असताना जुनं घर विकायचं तर

सोलापूरच्या साखर पेठेतलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मागच्या खोलीचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खाली आलेलं होतं, पुढच्या खोलीत दोन बंद माग गंजत पडले होते आणि पतसंस्थेची दुसरी नोटीस दारावर डकवलेली होती. पहिलं गिऱ्हाईक आलं, भिंतीला हात लावून म्हणालं, "यात आहे काय? पाडायचाच खर्च." त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई उठून आत गेली. आठ महिन्यांनी तेच घर, त्याच पडक्या अवस्थेत, त्या आकड्याच्या जवळजवळ पावणेदोन पटीला गेलं. मधल्या काळात आम्ही एक वीटसुद्धा बसवली नव्हती. कागद सरळ केले आणि घाई करणं सोडलं, एवढंच.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी आपली अडवणूक कमी करायची. खाली जो क्रम दिला आहे तो आम्ही चुकत, ठेचा खात शिकलो. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून धरावा, ही मनापासून इच्छा आहे.

पहिलं काम: मुदत मिळवा

घरावर कर्ज असेल तर आधी ते कोणाचं आहे ते पाहा, कारण प्रत्येकाची वसुलीची वाट वेगळी असते.

बँकेचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं थकीत धरलं जातं. त्यानंतर, कोर्टात न जाता तारण घर विकून वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, ६० दिवसांची मागणी नोटीस येते. ही नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. तिला लेखी उत्तर द्या. तुमच्या हरकतीवर बँकेने १५ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते; सोलापूरसाठी ते पुण्याला आहे. दोन गोष्टी पाठ करून ठेवा. मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. आणि सगळी रक्कम भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, लिलावाच्या दिवसापर्यंत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि मग वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखला निघायच्या आधी सहकारी संस्थांच्या निबंधकांसमोर म्हणणं मांडायची संधी असते. हिशेबात चूक असेल, भरलेले हप्ते जमा दाखवलेले नसतील, तर ते तिथेच पावत्यांसह दाखवा.

दोन्हीकडे एकच अर्ज उपयोगी पडतो: "घर विकून कर्ज फेडत आहे, सहा महिने मुदत द्यावी, व्याजात सवलत देऊन एकरकमी परतफेडीचा आकडा लेखी द्यावा." सोबत घराचे फोटो आणि मालमत्ता पत्रकाची प्रत जोडा. शाखेत तोंडी बोलून परत येऊ नका, अर्जावर शिक्क्यासह पोच घ्या. जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरते, तिथे बँकांची दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात न गेलेली, प्रकरणंही तडजोडीला येतात. तिथे आपलं प्रकरण घ्यावं असंही अर्जात लिहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आमच्या आईला मिळाला.

आता सावकार. यावर मी जरा थांबून बोलणार आहे, कारण पेठेत घरं गेली ती बहुतेक याच वाटेने गेली. हप्ता भरायला, दवाखान्याला, लग्नाला तातडीने पैसे लागतात आणि कोणीतरी म्हणतो, "काही नाही हो, नुसतं खरेदीखत करून ठेवू, पैसे दिलेत की घर परत तुमच्या नावावर." याला कोणी मुदत खरेदी म्हणतं, कोणी नुसती 'सेक्युरिटी'. दुय्यम निबंधकासमोर सही झाली की कागदावर घर त्याचं झालं. परत देण्याचं वचन वेगळ्या कागदावर असतं किंवा कुठेच नसतं. कितीही नड असली तरी हे करू नका. कोऱ्या मुद्रांकावर सही नको आणि कुलमुखत्यारपत्रही नको.

आधीच असं झालं असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात गेलेली स्थावर मिळकत परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतले व्यवहार त्यात येतात. व्याज दिल्याच्या नोंदी, फोनवरचे निरोप, साक्षीदार, जे असेल ते गोळा करा.

विकायलाच हवं का, हे एकदा विचारा

अंगावरचं देणं घराच्या किमतीच्या मानाने थोडं असेल आणि जागा लांबट असेल, तर अर्धा भाग शेजाऱ्याला देऊन देणं फिटतं का ते पाहा. कर्ज नसून फक्त घर राहण्याजोगं उरलं नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्यात स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत आहे. उत्पन्नाची आणि कुठेही पक्कं घर नसण्याची अट आहे. महापालिकेत चौकशी करा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि रे नगरात आपले किती विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार राहायला गेले, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पेठ सोडणं म्हणजे सगळं संपणं, असं आईला वाटायचं. तसं नसतं.

कागद: खरी किंमत इथे ठरते

पेठेतल्या घरांना सिटी सर्व्हे नंबर असतो. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरही मिळतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या: नाव कोणाचं, क्षेत्र किती, आणि बोजा कोणाचा. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं आणि फार पूर्वी फिटलेल्या एका कर्जाचा बोजाही तसाच. भिंतीला तडा गेलेला दिसतो तरी. हा तडा दिसत नाही, पण गिऱ्हाईक यालाच बिचकतं.

नाव मयत माणसाचं असेल तर वारस नोंद करावी लागते. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सर्व वारसांचं शपथपत्र आणि अर्ज दिला की कार्यालय नोटीस काढतं, हरकतींसाठी मुदत देतं आणि मग फेरफार होतो. पत्रकावर आजोबा असतील तर आधी त्यांचे वारस, मग वडिलांचे, असा क्रम लागतो. यात काही महिने जातात, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

वारसांत लग्न झालेल्या बहिणी येतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राशिवाय मागे राहिली असेल तर आई, मुलगे आणि मुली सारखेच वाटेकरी. मुस्लिम कुटुंबांत वाटे शरियतप्रमाणे पडतात, पण प्रत्येक वाटेकऱ्याची सही लागते हा नियम तोच. बहिणीने आपखुशीने वाटा सोडला तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा, साध्या मुद्रांकावरचं चालत नाही. पण तिला अंधारात ठेवून "इथे सही कर आक्का" म्हणू नका. आमच्या आक्काला आम्ही कर्जाची वही समोर ठेवून सगळे आकडे दाखवले. तिने वाटा सोडला नाही, घेतला, आणि तो तिचा होता. भाऊ भिवंडीला किंवा हैदराबादला असेल आणि येणं जमत नसेल तर त्याने नोंदणीकृत मुखत्यारपत्र घरातल्याच माणसाच्या नावे द्यावं. वारसांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, मूल असेल तर न्यायालयाची परवानगी लागेल का, ते वकिलांना आधीच विचारा. नाहीतर व्यवहार ऐनवेळी अडतो.

१९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव अशा ठिकाणी, घर असेल तर कागदांचा प्रकार वेगळा असतो. तिथे सातबारा, बिनशेती आदेश आणि गुंठेवारीची (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली) जागा असेल तर नियमितीकरणाचा दाखला पाहावा लागतो. तो नसेल तर आधी महापालिकेत अर्ज करा.

बाकीचे कागद भराभर सांगतो: मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, महावितरणचं शेवटचं बिल, मूळ खरेदीखत, आणि नगररचना विभागाकडून झोन दाखला. झोन दाखल्यात रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण घरावर येतं का ते कळतं. हे गिऱ्हाइकाने शोधून काढलं तर तो लगेच भाव पाडतो. कराची थकबाकी मोठी असेल तर महापालिकेची शास्तीत सवलत देणारी अभय योजना चालू आहे का ते विचारा. नसेल तर थकबाकी इसाराच्या रकमेतून थेट महापालिकेत भरायची, असं ठरवता येतं.

धोकादायक इमारत आणि भाडेकरू

महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती लपवू नका. सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. खरेदीखतात "घर मोडकळीस आलेलं असून खरेदीदाराने पाहून, जसं आहे तसं घेतलं" असं वाक्य आणि नोटिशीचा उल्लेख घाला. पुढचा वाद मिटतो. आणि जीव महत्त्वाचा. माळवद उतरायला लागलं असेल तर त्या खोलीत झोपू नका. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस सगळ्यात जोराचा असतो आणि माती तेव्हाच बसते.

जुना भाडेकरू असेल तर घर विकल्यावर तो नव्या मालकाचा भाडेकरू होतो. घर पडलं म्हणून त्याचा हक्क आपोआप संपत नाही. त्याच्याशी आधी बोला, रक्कम ठरवा, ताबा सोडल्याचा लेख नोंदवून घ्या. वीज तोडून, पाणी बंद करून त्याला काढायला जाऊ नका. कायद्याने चूक आहे, आणि तोही आपल्यासारखाच अडलेला असतो.

किंमत कशी काढायची

पडक्या घराची किंमत जागेची असते. समजा जागा ८०० चौरस फूट आहे आणि त्याच गल्लीत गेल्या वर्षी रिकाम्या जागेचा व्यवहार ३,००० रुपये फुटाने झाला. म्हणजे २४ लाख. पाडून राडारोडा उचलायला लाखभर धरा. उलट बाजूला सागवानी खांब, तुळया, दरवाजे, घडीव दगड आणि शहाबादी फरशी यांचे पैसे येतात. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलवून वेगळा भाव काढा. आमच्या घरातल्या लाकडाने पाडायचा खर्च भागवून वर पैसे उरले असते, आणि पहिलं गिऱ्हाईक नेमकं तेच बोललं नव्हतं. बोअर आणि मोठा हौद असेल तर ठळकपणे सांगा. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हौदाची किंमत आहे.

गल्लीतले खरे व्यवहार कळण्यासाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शेजारच्या मिळकतींच्या सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, पाहा. दलालाच्या तोंडी भावापेक्षा ते कागद खरे. सरकारी दर वार्षिक मूल्यदर तक्त्यात मिळतो, तो चौरस मीटरने असतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. क्षेत्रही मोजून घ्या. पत्रकावरचं आणि प्रत्यक्षातलं क्षेत्र जुन्या पेठांत जुळत नाही, असं पुष्कळदा होतं.

मनात दोन आकडे ठेवा: मागायचा आणि ज्याखाली जायचं नाही तो. दुसरा आकडा घरातल्या दोघांनाच माहीत असावा.

खर्च करायचा तो एवढाच

रंग मारू नका, गिलावा करू नका. तो पैसा परत येत नाही. राडारोडा काढा, भिंतीतला पिंपळ मुळासकट काढा, लोंबत्या वायरी बंद करा, धोक्याच्या तुळईला टेकू द्या, चारी कोपरे दिसतील इतकी जागा मोकळी करा. माग आणि यंत्राचे भाग वेगळे विका. घराच्या सौद्यात ते फुकट जातात.

गिऱ्हाईक कुठे असतं

सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक भिंतीला भिंत लागून राहतं. शेजाऱ्याला तुमची जागा त्याच्या जागेला जोडता येते, म्हणून तो इतरांपेक्षा जास्त देऊ शकतो. जुनी भांडणं बाजूला ठेवून त्याला विचारा. पण त्याच्याही आधी भावकीला विचारा, म्हणजे पुढे कोणी हरकत काढणार नाही. मग गल्लीतले व्यापारी, लहान बांधकाम करणारे आणि शेवटी दलाल. दलालीचा दर आधी लिहून घ्या आणि एकाच दलालाला घर बांधून देऊ नका.

पडक्या घरावर बँका घरकर्ज द्यायला कां कू करतात. म्हणून गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत विचारा: पैसे स्वतःचे की कर्जाचे? "कर्ज होऊन जाईल" म्हणणाऱ्याने आमचे तीन महिने घालवले.

पितृपक्षात आणि भर पावसात फारसं कोणी फिरकत नाही. दिवाळीनंतर, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की अक्षय्य तृतीयेपर्यंत चलती असते. शक्य असेल तर कागद पावसाळ्यात उरका आणि घर हिवाळ्यात दाखवा.

इसारापासून खरेदीखतापर्यंत

भाव ठरला की गिऱ्हाइकाचा वकील मिळकतीचे जुने व्यवहार तपासून शोध अहवाल काढेल आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. त्याला घाबरू नका, त्यात तुमचंही संरक्षण आहे. इसार पावतीवर न थांबता नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करा. त्यात एकूण किंमत, टप्पे, शेवटची तारीख आणि ती चुकली तर इसाराचं काय, हे स्पष्ट हवं. तारीख नसलेलं साठेखत म्हणजे तुमच्या घराला दुसऱ्याचं कुलूप.

२०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका. कायद्याने मनाई आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. "थोडे काळे, थोडे पांढरे" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

घर तारण असेल तर संस्थेकडून ठरलेल्या तारखेपर्यंतच्या बाकीचं पत्र घ्या आणि साठेखतातच लिहा की तेवढी रक्कम खरेदीदार थेट कर्जखात्यात भरेल. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन पत्रकावरचा बोजा उतरवा. मूळ कागद ३० दिवसांत परत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

मुद्रांक आणि नोंदणी फी रिवाजाने घेणारा भरतो. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, हे घासाघीस चालू असताना आठवण करून द्या. त्याचा वाचलेला पैसा थोडा तुमच्याकडेही वळतो. शेवटची रक्कम डिमांड ड्राफ्टने किंवा आरटीजीएसने आधी, सही नंतर, किल्ली सगळ्यात शेवटी.

आयकर

दोन वर्षांहून जास्त काळ आपल्या मालकीच्या असलेल्या घरावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा धरतात. वारसाने आलेल्या घराला वडिलांचा काळही मोजला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वीचं घर असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्या. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे, पण त्याआधी मिळालेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी येणारा कर कमी असेल तर तोच लागतो. पुष्कळ जुन्या घरांत हिशेब केल्यावर कर थोडा किंवा काहीच निघत नाही. न करता घाबरू नका. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर नफ्यावर सूट आहे.

पडक्या घरात एक अडचण खास येते. विक्रीची किंमत सरकारी मूल्यापेक्षा कमी असते. सरकारी मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर सरकारी मूल्यावरच मोजतात. म्हणून इमारतीचा घसारा मूल्यांकनात धरला गेला आहे ना, ते पाहा. घराची अवस्था दाखवणारे फोटो आणि महापालिकेची नोटीस जपून ठेवा, कारण आयकर खात्याकडे मूल्यांकन अधिकाऱ्याकडून तपासणी मागता येते.

किल्ली देण्याआधी

पैसे येण्याआधीच त्यांची वाटणी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: कर्ज, कर, वाटेकऱ्यांचे वाटे, नव्या जागेची अनामत, सहा महिन्यांचं भाडं. नव्या जागेचा करार झाल्यावरच ताब्याची तारीख द्या. महापालिकेच्या करनोंदीत आणि वीजजोडणीत नवं नाव लागल्याची प्रत मागून घ्या. रेशनकार्ड आणि गॅसचा पत्ता बदला.

घरासोबत काय जात नाही, हेही खरेदीखतात लिहा. तोंडी ठरलेलं नंतर आठवत नाही. आमच्या खरेदीखताच्या परिशिष्टात दोन ओळी आहेत: देवघर, आणि पुढच्या दाराची सागवानी चौकट. नव्या मालकाने हरकत घेतली नाही. घर पाडायच्या आदल्या दिवशी सुताराला घेऊन गेलो आणि चौकट अलगद उतरवली. भाड्याच्या दोन खोल्यांत ती बसवायला जागा नाही, भिंतीला टेकवून ठेवली आहे. आई रोज सकाळी तिला हळद-कुंकू लावते.